अठराव्या वर्षीची कीर्ती आणि नंतरची उमेदवारी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या संध्याकाळी एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला रस्त्यात गाठले. ते म्हणाले, "अहो, या व्यासपीठावर संत झाले, सेनापती झाले, शास्त्रज्ञ झाले, आता अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवरची नटी? आणि तीही म्हणे हवेत उडणारी?" मी म्हणालो, "होय, उडणारीच. पण ती खाली कशी उतरली आणि जमिनीवर पाय रोवून पन्नास-साठ वर्षे कशी उभी राहिली, ते सांगायचे आहे." ते हसले. आज ते पहिल्या रांगेत बसलेले दिसत आहेत, तेव्हा मला माझा शब्द पाळणे भाग आहे.

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, की जिला पंधराव्या-सोळाव्या वर्षी खूप टाळ्या मिळालेल्या असतात. स्नेहसंमेलनात ती गाजते, स्पर्धेत पहिली येते, आता तर टेलिव्हिजनवरही झळकते. गावात तिचे कौतुक होते, आईबापांच्या अंगावर मूठभर मांस चढते. आणि दहा वर्षांनी कोणी विचारले, "ती सध्या काय करते हो?" तर कोणालाच नीट सांगता येत नाही. लहान वयातल्या कीर्तीचे पुढे काय होते, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी सॅली फील्ड या अभिनेत्रीचे उदाहरण घेतले आहे, कारण तिच्या आयुष्यात हा प्रश्न अगदी उघड्यावर सुटलेला दिसतो.

सॅली फील्डचा जन्म ६ नोव्हेंबर १९४६ चा, कॅलिफोर्नियातील पॅसाडीना या गावचा. आई मार्गारेट फील्ड चित्रपटांतून लहानमोठी कामे करणारी. आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि आईने जॉक महोनी या नटाशी लग्न केले. हे गृहस्थ घोड्यावरून आणि उंचावरून उड्या मारण्यात तरबेज होते; पुढे ते पडद्यावर टारझनही झाले. १९६२ साली आलेला त्यांचा एक टारझनपट आपल्या भारतातच चित्रित झाला होता. म्हणजे घर नटांचे होते. पण नटांचे घर सुखाचे असतेच असे नाही. सावत्र वडिलांकडून लहानपणी आपले लैंगिक शोषण झाले, हे तिने २०१८ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 'इन पीसेस' या आत्मकथनात स्वतः लिहिले आहे. त्याचा अधिक तपशील येथे सांगण्याची गरज नाही. एवढेच ध्यानात ठेवावे, की जिच्या हसऱ्या चेहऱ्यावर अमेरिका भाळली, त्या मुलीला हसरा चेहरा ठेवण्याची सवय घरातच लागली होती. शाळेतल्या रंगमंचावर मात्र तिला मोकळे बोलता येई.

१९६४ साली शाळा संपली. त्या उन्हाळ्यात कोलंबिया चित्रपटसंस्थेच्या आवारात होणाऱ्या अभिनयवर्गाला ती गेली आणि तेथेच तिची निवड झाली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६५ मध्ये, एबीसी वाहिनीवर 'गिजेट' ही मालिका सुरू झाली. फ्रेडरिक कोहनर या लेखकाने आपल्या मुलीच्या समुद्रावरच्या गमतीजमतींवरून १९५७ साली एक कादंबरी लिहिली होती. तिच्यावर चित्रपट निघाला आणि मग ही मालिका. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी, बडबडी, प्रेमळ, थोडी अवखळ अशी ती शाळकरी पोर. सॅली तेव्हा अठरा वर्षांची होती. मालिकेचे ३२ भाग झाले आणि एका वर्षातच ती बंद करण्यात आली. गंमत अशी, की उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा दाखवले तेव्हा ते फार लोकप्रिय झाले. पण मालिका तर मोडलेली! मग वाहिनीच्या लोकांनी विचार केला, की मालिका गेली तर गेली, मुलगी तर हातात आहे. तिच्यासाठी दुसरे काहीतरी काढू.

ते दुसरे काहीतरी म्हणजे 'द फ्लाइंग नन', उडणारी जोगीण. पोर्तो रिको बेटावरच्या मठात एक नवी जोगीण येते. वजनाने ती इतकी हलकी, आणि तिच्या डोक्यावरची पांढरी टोपी पंखांसारखी इतकी रुंद, की वारा आला की बाई हवेत! ही कल्पना ऐकून तुम्ही हसलात. सॅलीला मात्र रडू आले असावे. तिने आधी नकार दिला. तेव्हा सावत्र वडिलांनी बजावले, की हे काम सोडलेस तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही. ती घाबरली आणि तिने होकार दिला. १९६७ ते १९७० अशी तीन वर्षे, ८२ भाग, ती तारांना लोंबकळत उडत राहिली. शेवटच्या वर्षी तर ती गर्भवती होती आणि चित्रीकरणात पोट झाकण्यासाठी हातात, समोर काही ना काही वस्तू धराव्या लागत. घरोघरी तिचे नाव झाले, आणि विनोदी बैठकांतून तिची टिंगलही होऊ लागली.

आता येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. चित्रपटातला नट आपल्याला वर्षातून एकदा-दोनदा, अंधाऱ्या थिएटरात, तिकीट काढून भेटतो. टेलिव्हिजनवरचा नट दर आठवड्याला आपल्या घरात येतो. आपण जेवत असतो, मुले अभ्यास करत असतात, आणि तो कोपऱ्यात बोलत असतो. तो घरातलाच होतो. आणि घरातल्या माणसाने बदललेले कोणाला आवडते? आपली धाकटी बहीण चाळिशीला आली तरी तिला आपण छकुलीच म्हणतो. प्रेक्षकाचे प्रेमही असेच असते. ते नटाला एका वयात आणि एका कपड्यात बंद करून ठेवते. हा जो साचा तयार होतो, तो निर्मात्यांच्या लोभाने जितका तयार होतो, तितकाच आपल्या प्रेमानेही होतो, हे आपण कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट कसबाची. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेचा भाग थोड्या दिवसांत उरकायचा असतो. नट तेथे संवाद चटकन पाठ करायला शिकतो, खुणेच्या जागी नेमका येऊन थांबायला शिकतो, थकलेला असला तरी चेहरा टवटवीत ठेवायला शिकतो. ही शिस्त कमी मोलाची नव्हे. पण एखादे माणूस आतून उभे करणे, त्याचे दुःख, त्याचा राग, त्याची लाज शोधून काढणे, याला तेथे उसंत नसते. आणि उडणाऱ्या जोगिणीला त्याची गरजही नसते. म्हणजे अठराव्या वर्षी कीर्ती मिळाली, पण विद्या मिळाली नाही. अशी उधारीची कीर्ती घेऊन पुष्कळ मुले तिशीच्या दाराशी येतात आणि दार बंद पाहून परत फिरतात.

सॅलीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. मठाच्या मुख्य जोगिणीची भूमिका मॅडेलिन शेरवुड या जाणत्या अभिनेत्री करत होत्या. आर्थर मिलर आणि टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकांच्या पहिल्या प्रयोगांतून, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्यांनी कामे केलेली. तारांना लोंबकळणाऱ्या या मुलीत त्यांना काहीतरी दिसले असावे. मालिका चालू असतानाच त्यांनी सॅलीला 'ॲक्टर्स स्टुडिओ'ची वाट दाखवली. १९४७ साली न्यूयॉर्कात निघालेली ही संस्था. ली स्ट्रासबर्ग हे तिचे प्रसिद्ध गुरू. लॉस एंजेलिसच्या शाखेत तेही शिकवीत. त्यांच्या पद्धतीत प्रारंभीचा धडा अगदी साधा असतो. हातात कप नसताना कप धरायचा. त्याचे वजन, त्याची ऊब, कॉफीचा वास, हे सगळे आठवणीतून परत आणायचे. ते खरे आले की मग पुढे राग, शोक, भीती. तेव्हा चित्र असे डोळ्यांपुढे आणा : दिवसा ही मुलगी लाखो लोकांसमोर पांढरी टोपी घालून उडते, आणि मोकळ्या वेळी एका साध्या खोलीत नवख्या विद्यार्थ्यांच्या ओळीत बसून नसलेला कप धरायला शिकते. मालिकेच्या ८२ भागांपेक्षा मला ती खोली अधिक महत्त्वाची वाटते.

१९७० साली मालिका संपली. पदरी लवकरच दोन लहान मुले आली, आणि १९७५ साली संसार मोडला. मधल्या काळात १९७३-७४ मध्ये तिने आणखी एक मालिका केली. तिच्यात ती नवऱ्याच्या मनातले ओळखणारी बायको होती. तीही वर्षभरात आटोपली. चित्रपटांत जावे म्हटले तर कोणी भेटायलाही तयार नसे. त्या काळी हॉलिवुडच्या चित्रपटवाल्यांना टेलिव्हिजनवरचा नट म्हणजे खालच्या पंगतीतला वाटे, आणि ही तर उडणारी जोगीण! या काळाबद्दल बोलताना तिने पुढे एक विचार सांगितला आहे. तो माझ्या शब्दांत असा : मला हव्या त्या जागी मी पोचले नसेन, तर दोष लोकांचा आहे असे मानून काही होणार नाही, माझे काम अजून पुरेसे चांगले नाही असे मानले, तर निदान उद्या सकाळी काय करायचे ते तरी कळते.

श्रोतेहो, हा विचार न्यायाचा आहे असे मी म्हणत नाही. लोकांचा दोष होताच. पण हा विचार उपयोगाचा होता. तक्रारीत बसून राहणाऱ्याला तक्रार खरी असली तरी काम मिळत नाही. ती मालिकांपासून दूर झाली आणि स्ट्रासबर्गकडे शिकत राहिली.

मग १९७६ साल उजाडले. 'सिबिल' नावाचा दोन भागांचा टेलिव्हिजनपट निघत होता. लहानपणी आईच्या हातून भयंकर छळ झालेल्या एका तरुणीच्या मनाची अनेक शकले झाली आहेत. प्रत्येक शकलाला वेगळा आवाज, वेगळे वय, वेगळी चाल. या भूमिकेसाठी सॅलीचे नाव ऐकून निर्मात्यांकडची मंडळी तिची परीक्षा घ्यायलाही नाखूष होती. तिने चिकाटीने ती परीक्षा मिळवली, दिली, आणि भूमिका तिची झाली. डॉक्टरीणबाईंची भूमिका जोन वुडवर्ड यांनी केली. याच वुडवर्डना अठरा वर्षांपूर्वी, अनेक व्यक्तिमत्त्वांत विभागलेल्या स्त्रीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले होते. त्या आता शेजारच्या खुर्चीत बसून या नवीन मुलीचे ऐकून घेत होत्या. ज्या मूळ प्रकरणावर तो चित्रपट बेतला, त्याच्या खरेपणाविषयी पुढे गंभीर शंका निघाल्या, हे सांगितले पाहिजे. पण सॅलीच्या अभिनयाविषयी शंका उरली नाही. १९७७ साली तिला एमी पारितोषिक मिळाले.

तरी चित्रपटाचे दार किलकिलेच होते. ते सताड उघडले 'नॉर्मा रे'ने, १९७९ साली. अनेक मोठ्या नावांच्या अभिनेत्रींनी नाकारलेली ही भूमिका दिग्दर्शक मार्टिन रिट यांनी सॅलीला दिली. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापडगिरणीत काम करणारी, दोन मुलांची आई, गावात फारसे बरे न बोलले जाणारी अशी ही बाई. यंत्रांच्या आवाजाने तिच्या आईला काही काळ ऐकू येईनासे होते. बाप कामावरच कोसळून मरतो. बाहेरून युनियनचा एक माणूस येतो आणि हिला हळूहळू स्वतःची किंमत कळू लागते. चित्रपटामागे क्रिस्टल ली सटन या नॉर्थ कॅरोलायनातील गिरणीकामगार स्त्रीची खरी हकीकत आहे. १९७३ साली तिला कामावरून काढले, तेव्हा तिने पुठ्ठ्यावर 'युनियन' हा एकच शब्द लिहिला, टेबलावर चढली आणि तो पुठ्ठा डोक्यावर धरून उभी राहिली. पुढच्या वर्षी तेथल्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिले.

पडद्यावर हा प्रसंग आपण पाहतो तेव्हा सॅली फील्ड काहीच बोलत नाही. पुठ्ठा धरून ती चहूकडे वळते एवढेच. आधी एक यंत्र थांबते, मग दुसरे, मग तिसरे. आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या खात्यात हळूहळू शांतता पसरते. आपल्या मुंबईच्या गिरणीकामगारांच्या बोलीत मागाला 'साचा' म्हणतात. ज्यांचे आजोबा-वडील साचेखात्यात राबले, त्यांना ही शांतता काय असते ते सांगायला नको. मला मात्र तो प्रसंग पाहताना दुसराही साचा आठवतो. इकडे गिरणीतले साचे एकामागून एक बंद पडत होते आणि तिकडे चौदा वर्षांपूर्वी तिच्याभोवती बसवलेला साचाही मोडत होता. आता तिला कोणी उडणारी जोगीण म्हणू शकत नव्हते. कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि एप्रिल १९८० मध्ये ऑस्कर.

आतापर्यंत मी तिला 'ती' म्हणत आलो. मुलीविषयी आपण असेच बोलतो, आणि त्यात माया असते. पण यापुढे मी 'फील्डबाई' म्हणणार आहे, कारण पुढचा मुद्दा नेमका तोच आहे.

'प्लेसेस इन द हार्ट' या १९८४ च्या चित्रपटात त्यांनी १९३५ च्या सुमाराच्या टेक्ससमधील विधवेची भूमिका केली. नवरा अचानक मारला जातो, डोक्यावर कर्ज, आणि ही बाई कापूस लावून घर वाचवायला निघते. मार्च १९८५ मध्ये त्यांना दुसरे ऑस्कर मिळाले. त्या वेळी त्या जे बोलल्या त्याची आजतागायत थट्टा होते. लोकांनी त्यातले एक वाक्य घेतले, तेही चुकीचे, आणि 'मी तुम्हाला आवडते' म्हणून हुरळलेली बाई असे त्यांचे चित्र केले. पूर्ण बोलणे कोणी ध्यानात ठेवले नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की माझी वाटचाल रीतसर झाली नाही. मला सगळ्यांहून अधिक हवा होता तो तुमचा आदर. पहिल्या वेळी तो मला जाणवला नाही, या वेळी जाणवतो. आपल्या भाषेत आवडणे आणि मान देणे हे दोन वेगळे शब्द आहेत. छकुली आवडते, मान बाईंना द्यावा लागतो. अठराव्या वर्षी त्यांना आवड भरपूर मिळाली होती. मान मिळायला आणखी वीस वर्षांची उमेदवारी करावी लागली.

येथे गोष्ट संपली असती तर तिला परीकथा म्हणता आले असते. पण नटीच्या आयुष्यात दुसरा साचा दबा धरून बसलेला असतो, तो वयाचा. १९८८ च्या 'पंचलाइन'मध्ये टॉम हँक्स हे फील्डबाईंच्या प्रेमात पडतात. १९९४ च्या 'फॉरेस्ट गंप'मध्ये त्याच हँक्सच्या त्या आई! खऱ्या वयात अंतर दहा वर्षांचे. नायकाचे वय जागच्या जागी राहते आणि नायिका सहा वर्षांत आई होते. फील्डबाईंनी ती आईही मन लावून केली. मग ज्या टेलिव्हिजनपासून त्या दूर गेल्या होत्या, तेथेच त्या परत आल्या. 'ईआर' या रुग्णालयाच्या मालिकेत मनोविकाराने ग्रासलेली आई करून २००१ साली, आणि 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'मधील कुटुंबप्रमुख आईसाठी २००७ साली त्यांनी पुन्हा एमी मिळवले. यावरून कळते की त्यांचे भांडण टेलिव्हिजनशी नव्हते. पंचावन्नाव्या वर्षी, २००२ साली, त्या ब्रॉडवेच्या रंगभूमीवर प्रथम उभ्या राहिल्या. २०१७ साली 'द ग्लास मेनॅजरी' आणि २०१९ साली लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये 'ऑल माय सन्स', ही नाटके त्यांनी सत्तरी ओलांडून केली.

आता शेवटचा प्रसंग. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी लिंकनवरच्या चित्रपटात अध्यक्षांच्या पत्नीची, मेरी टॉडची, भूमिका फील्डबाईंना देऊ केली होती. चित्रपट लांबत गेला, लिंकन करणारा नट बदलला आणि डॅनियल डे-लुईस आले. मेरी टॉड लिंकनहून नऊ वर्षांनी लहान होत्या. फील्डबाई डे-लुईसहून दहा वर्षांनी मोठ्या. स्पीलबर्गनी कळवले, की आता हे जमणार नाही. दोन ऑस्कर मिळवलेली बाई अशा वेळी अपमान मानून घरी बसली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी उलट सांगितले : माझी परीक्षा घ्या. साठी ओलांडलेल्या बाईंनी नवख्या मुलीसारखी कॅमेऱ्यासमोर परीक्षा दिली. त्यानेही निर्णय होईना, तेव्हा डे-लुईस खास आयर्लंडहून विमानाने आले आणि दोघांनी एकत्र परीक्षा दिली. भूमिका मिळाली. २०१२ च्या त्या चित्रपटासाठी पुन्हा ऑस्करचे नामांकन झाले. छत्तीस वर्षांपूर्वी 'सिबिल'च्या दारात उभी राहिलेली तीच ही उमेदवार. मधल्या काळात पारितोषिकांचे कपाट भरले होते, पण परीक्षा देण्याची लाज त्यांना वाटली नाही.

पुढे २०१९ साली केनेडी सेंटरचा सन्मान आणि २०२३ साली अमेरिकेतील पडद्यावरच्या नटांच्या संघटनेचा जीवनगौरव त्यांना मिळाला. अशा सन्मानांची यादी वाचून मी तुमचा वेळ घेत नाही.

एक प्रामाणिक कबुली देऊन मी थांबतो. कष्ट केले की फळ मिळतेच, असा बोध या गोष्टीतून काढू नये. फील्डबाईंएवढे कष्ट करून अंधारात गेलेले नट असतील, त्यांची व्याख्याने होत नाहीत. कष्टाबरोबर येथे दुसरेही काही घडले. मॅडेलिन शेरवुड यांनी हात धरून शाळेत नेले. रिट यांनी पांढऱ्या टोपीखालचा चेहरा पाहिला. डे-लुईस समुद्र ओलांडून आले. ज्यांच्या हातात दार होते, त्यांनी ठरलेले मत बाजूला ठेवून या बाईंकडे पुन्हा एकदा पाहिले.

शिकत राहणे त्यांच्या हातात होते, ते त्यांनी केले. पुन्हा पाहणे आपल्या हातात असते. तुमच्या घरात, तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत एखादी गाजलेली पोर असेल. तिच्या टाळ्यांचा आवाज विरल्यावर ती कोपऱ्यात बसून नसलेला कप धरायला शिकत असेल, तर तिला जुने गाणे पुन्हा म्हणून दाखव असा आग्रह करू नका. सध्या काय शिकतेस, एवढेच तिला विचारा. आणि ती सांगू लागली की नीट बसून ऐका.

माझे स्नेही पहिल्या रांगेत आहेत. शब्द पाळला की नाही ते त्यांनी बाहेर पडताना सांगावे.